लंडन-पॅरिस सायकल राईड आणि मधेच थांबवलेले अडुसष्ट हजार: बेळगावचं एक प्रकरण

बेळगावच्या एका खासगी हॉस्पिटलात काम करणाऱ्या स्टाफ नर्सनी लंडन ते पॅरिस अशा चॅरिटी सायकल राईडसाठी नाव नोंदवलं आणि महिन्याभरात त्यांच्या स्वतःच्या यूपीआय खात्यावर अडुसष्ट हजार रुपये गोळा झाले. देणाऱ्यांना वाटत होतं, पैसे पेशंटांसाठी जाणार. राईडच्या नियमांप्रमाणं त्यातले निम्म्याहून जास्त हॉटेल, बोट आणि जेवणावर जाणार होते. कुणी कुणाला फसवत नव्हतं. तरीही हे पैसे जसे आले तसेच पुढं गेले असते, तर आयकरात आणि व्हिसात अडचण आली असती, आणि गावात तोंड दाखवायची पंचाईत झाली असती ती वेगळीच.

हे २०२५ चं प्रकरण. आमच्या सायकल ग्रुपचा हिशेब मी बघतो आणि नोकरी सगळी बँकेत झाली, म्हणून कागद माझ्याकडं आले. सिस्टरांच्या संमतीनं लिहितोय, नावं मात्र सगळी गाळली आहेत.

माणूस आणि राईड

सिस्टरांचं माहेर कणकुंबीकडचं, सासर वडगावात. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, मुलगा पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीत. सायकल त्यांनी चाळिशी जवळ आल्यावर धरली, पण नेटानं. २०० किलोमीटरची ब्रेव्हे नावाची लांब पल्ल्याची राईड साडेतेरा तासांच्या मुदतीत त्यांनी पूर्ण केली आहे, चोर्ला घाट ही तर त्यांच्या माहेरची वाट. राईडची कल्पना मामेभावाची. तो लेस्टरला असतो, ब्रिटिश नागरिक झाला आहे, आणि ‘तू येच’ म्हणून त्यानंच लिंक पाठवली.

लंडन ते पॅरिस ही ब्रिटनमधली चॅरिटीवाल्यांची पेटंट राईड. वाट कुठली घेता यावर अंतर थोडं कमी-जास्त होतं, पण साधारण साडेचारशे-पाचशे किलोमीटर, चार दिवस. मधे समुद्र असल्यामुळं डोव्हर-कॅले किंवा न्यूहेवन-दिएप अशी बोट घ्यावी लागते. सिस्टरांची राईड न्यूहेवनवरून होती. ती भरवत होती एक टूर कंपनी, आणि स्वार आपापल्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेसाठी निधी गोळा करणार, अशी रचना.

पैसे भरायचे दोन मार्ग होते. पहिल्यात १५० पौंड नोंदणी फी भरायची आणि निदान १,९०० पौंड निधी जमवून संस्थेला द्यायचा. मग स्वाराचा राईडचा खर्च त्या निधीतूनच संस्था कंपनीला देते. दुसऱ्यात राईडचा सगळा खर्च, म्हणजे फी सोडून आणखी अकराशे पौंडांच्या आसपास, स्वतःच्या खिशातून भरायचा. मग जमवाल तो पै न् पै कामाला जातो, आणि किमान रकमेची अट नाही.

मामेभावानं पहिला मार्ग धरला होता. तिकडं तेच रूढ आहे, आणि देणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. बहिणीचाही अर्ज त्यानं तसाच भरून टाकला.

पौंड तेव्हा ११५ ते १२० रुपयांच्या दरम्यान फिरत होता. म्हणजे १,९०० पौंड हे सव्वादोन लाख रुपये झाले. सिस्टरांनी व्हॉट्सॲपवर एक छान पोस्टर केलं, सायकलवरचा फोटो, खाली स्वतःचा क्यूआर कोड. ‘कर्करुग्णांसाठी लंडन ते पॅरिस’. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी दिले, बचत गटातल्या बायकांनी शंभर-दोनशे दिले, गल्लीतल्या गणेश मंडळानं पाच हजार जाहीर करून टाकले.

पैशाचं गणित

माझा पहिला आक्षेप साधा होता. बचत गटातली बाई दोनशे रुपये देते ते कुणाच्या तरी केमोथेरपीला हातभार म्हणून. त्यातले शंभराहून जास्त नॉर्मंडीतल्या हॉटेलच्या बिलात जाणार हे तिला सांगितलंय का? सांगितलं असतं तर तिनं दिलेच नसते असं नाही. कदाचित सिस्टरांच्या कौतुकापोटी दिलेही असते. पण ते तिनं ठरवायचं.

ब्रिटनमध्ये या बाबतीत करखातंही डोळे उघडे ठेवून आहे. तिथला करदाता संस्थेला दान देतो तेव्हा ‘गिफ्ट एड’ योजनेत संस्थेला सरकारकडून प्रत्येक पौंडामागं २५ पेन्स जास्तीचे मिळतात. पण स्वाराचा प्रवासखर्च संस्था उचलत असेल, तर स्वारानं स्वतः किंवा त्याच्या आईवडील, भावंडं, मुलं अशा जवळच्यांनी दिलेल्या रकमेवर ती सवलत मिळत नाही. आपल्याच माणसाची सहल आणि दान यांची गल्लत होऊ नये, हा त्यामागचा हेतू. सिस्टरांच्या वडगावच्या देणगीदारांना गिफ्ट एडचा तसाही उपयोग नव्हता, ते ब्रिटनचे करदाते नाहीत. आणि परदेशातल्या संस्थेला दिलेल्या पैशांवर आपल्याकडं ८०जी कलमाखालची आयकरातली सूटही मिळत नाही. म्हणजे दोन्हीकडून कोरडे.

दुसरा आक्षेप आयकराचा, आणि इथं सिस्टर खरोखर दचकल्या. तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ५६(२)(एक्स) असं सांगत होतं की नातेवाईक नसलेल्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली एकूण रक्कम पन्नास हजारांवर गेली, तर ती उत्पन्नात धरली जाते. पन्नास हजारांच्या वरची तेवढी नव्हे, सगळीच. अडुसष्ट हजारांत नातेवाइकांचे फार थोडे होते. ‘मी कुठं ठेवून घेणार आहे, काका? पुढंच पाठवणार ना,’ असं त्या म्हणाल्या. ते खरं. पण खात्यावर आलेली रक्कम दुसऱ्याची आहे हे पुढं नोटीस आल्यावर पटवत बसायचं, ते बँक स्टेटमेंट आणि शे-दीडशे लोकांच्या फोन नंबरांच्या जोरावर. त्यापेक्षा ती वाटच नको.

तिसरी गोष्ट मी आक्षेप म्हणून मांडली नव्हती, प्रश्न म्हणून विचारली होती. कर्करुग्ण इथं नाहीत का? सिस्टरांनाच हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. भीमगड अभयारण्यातल्या गवाळी, आमगावसारख्या गावांतून पावसाळ्यात पेशंटला खांद्यावर घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. घरी जाऊन शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची शुश्रूषा करणारा एक लहान ट्रस्ट आपल्या भागात, खानापूरला आहे, आणि सिस्टर सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर फिरतात. त्या ट्रस्टकडं ८०जी नोंदणी आहे. गाडीच्या डिझेलला मात्र पैसे कमी पडतात.

हे ऐकून मामेभावाचा उत्साह वाढला. तो म्हणाला, ‘मग मीच इथं खानापूरच्या ट्रस्टसाठी देणगीचं ऑनलाइन पेज काढतो, माझे मित्र पौंडात देतील.’ त्याला थांबवावं लागलं. परदेशी स्रोताकडून देणगी घ्यायची तर ट्रस्टकडं २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, आणि नोंदणी असलेल्या एका संस्थेनं घेऊन दुसरीला देणंही बंद झालं. आमच्या ट्रस्टकडं ती नोंदणी नाही. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो ती परदेशी योगदान धरली जात नाही. पण नागरिकत्व बदललेला माणूस, मग तो बेळगावच्या खडे बाजारात जन्मलेला का असेना, कायद्याच्या लेखी परदेशी स्रोत. मामेभाऊ थोडा दुखावला. साहजिक आहे. बेळगावचा गोड कुंदा पार्सलनं मागवणाऱ्याला अचानक परका म्हटलं की लागतंच.

व्हिसाचं घोडं

भारतीय पासपोर्टवर ही राईड करायची तर दोन व्हिसे लागतात, ब्रिटनचा व्हिजिटर आणि फ्रान्सचा शेंगेन. ब्रिटनच्या अर्जाची फी २०२५ मध्ये १२७ पौंड होती, शेंगेनची २०२४ पासून ९० युरो, शिवाय सेंटरचे सेवाशुल्क. फी हा त्यातला सोपा भाग.

अवघड भाग वेळेचा. ब्रिटनचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही आणि निकालाला साधारण तीन आठवडे धरायचे. शेंगेनला नियमानं पंधरा दिवस, तपासणी लागली तर पंचेचाळीसपर्यंत. पासपोर्ट एकच. राईड सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे जूनच्या अखेरीपासून मोजून दोन्ही बसवायचे. अर्ज चालू असताना पासपोर्ट स्वतःकडं ठेवण्याची सोय जादा पैसे भरून मिळते, पण आम्ही क्रमानं जायचं ठरवलं. आधी ब्रिटन, मग फ्रान्स. दोन्ही वेळा बोटांचे ठसे द्यायला बंगळूर. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीचं निघायचं, सकाळी सेंटर, रात्री परत, आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी.

कागदांत इथं एक खास सीमाभागी भानगड असते. सासऱ्यांच्या नावावरच्या शेतीचा उतारा कन्नडमध्ये, मुलाच्या शाळेचा दाखला मराठीत. व्हिसासाठी इंग्रजी नसलेल्या प्रत्येक कागदाला भाषांतर लागतं, त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख आणि संपर्क हवा. एका कुटुंबाच्या फाईलला दोन भाषांतरकार. माझा सल्ला असा होता की शेतीचा उतारा वगळा. हॉस्पिटलचं रजा मंजुरीचं पत्र, पगाराच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट ही खरी कागदं. बाई परत येणार हे त्यावरूनच कळतं.

आणि बँक स्टेटमेंट म्हटलं की गाडी पुन्हा अडुसष्ट हजारांवर आली. नियमित पगार, त्यातून आरडीचा हप्ता, किराणा, आणि मधेच महिनाभर रोज पाचशे, दोनशे, हजार, पाच हजार अशा अनोळखी नावांच्या जमा. व्हिसा अधिकारी अशा जमांकडं संशयानं बघतो, कारण उसने पैसे आणून खातं फुगवणं ही जुनीच युक्ती आहे. देणगी म्हणून समजावायचं तर मग ‘प्रवासाचा खर्च कोण करतंय?’ हा पुढचा प्रश्न. पहिल्या मार्गानं गेलं असतं तर त्याचं खरं उत्तर होतं, ‘निम्मा खर्च देणगीदार’. हे वाक्य अर्जात लिहायची माझी तयारी नव्हती. सिस्टरांचीही नव्हती. इतके दिवस मी पटवत होतो, पण निर्णय झाला तो या ठिकाणी.

ठरलं ते

सिस्टरांनी दुसरा मार्ग घेतला. राईडचा खर्च, विमान, व्हिसे, विमा, सगळं मिळून पावणेतीन लाखांच्या आसपास गेलं. त्यांची आरडी मोडली, भिशी उचलली, नवऱ्यानं बोनसचे घातले. कंपनीला पैसे पाठवताना परदेशी टूर पॅकेज म्हणून बँकेनं ५ टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेतला. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोपर्यंत साडेसहा हजार अडकले. पाहुणचार लंडनच्या दोन रात्री मामेभावाच्या मित्राकडं.

निधी खानापूरच्या ट्रस्टसाठी, क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचा, पावती ट्रस्टची. नवं पोस्टर मराठी आणि कन्नड दोन्हीत निघालं, कारण हॉस्पिटलमधले निम्मे डॉक्टर कन्नड बोलणारे. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं: राईडचा खर्च मी स्वतः करते आहे, तुमचा प्रत्येक रुपया ट्रस्टकडे जातो. मामेभाऊ त्याच्या ब्रिटिश संस्थेसाठी त्याच्या पेजवर जमवत राहिला. सिस्टर त्या संस्थेऐवजी स्वतःच्या पसंतीच्या कामासाठी सायकल चालवणार आहेत, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घेतलं.

मग जुने अडुसष्ट हजार. ट्रस्टकडं एकगठ्ठा वळते केले असते तर पावती सिस्टरांच्या नावावर निघाली असती आणि देणारे पुन्हा अदृश्य झाले असते. म्हणून ज्याचे त्याला परत, सोबत खुलासा आणि नवा क्यूआर. हे काम किचकट होतं आणि सिस्टरांना त्याची लाजही वाटत होती. बहुतेकांनी परत आलेले पैसे तसेच ट्रस्टला पाठवले. काहींनी पाठवले नाहीत, आणि त्यांना कुणी पुन्हा विचारलं नाही. गणपत गल्लीतल्या एका दुकानदारानं परत घ्यायलाच नकार दिला. ‘मी तुमच्याकडं बघून दिलो सिस्टर, ट्रस्टकडं बघून न्हवं. त्यांना मी ओळखतोय कुठं?’

याला माझ्याकडं आजही चोख उत्तर नाही. आपल्या भागात देणगी माणसाला मिळते, संस्थेला नंतर. उलट बघितलं तर सिस्टरांवरच्या विश्वासामुळंच तर त्या खुलाशाची गरज जास्त. शेवटी दुकानदाराला ट्रस्टच्या गाडीतून एकदा जांबोटीकडच्या पेशंटांकडं नेलं. त्यानं नंतर काय केलं ते पावतीपुस्तकात आहे.

हॉस्पिटलातल्या एका सीनियर डॉक्टरांचा सवाल वेगळा होता. ‘पावणेतीन लाख सरळ ट्रस्टला का देत नाही?’ बालीला किंवा दुबईला जाणाऱ्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही. नर्सनं आरडी मोडून सायकल चालवायला जायचं म्हटलं की मात्र हिशेब मागितला जातो. पण सिस्टर लोकांकडं हात पसरत होत्या, म्हणून विचारायचा हक्क डॉक्टरांना होता हेही मी मानतो. सिस्टरांनी दिलेलं उत्तर मला आवडलं: ‘सर, सहल माझी आहे. तिचे पैसे माझे आहेत. तुमचे मागतेय ते डिझेलला.’ डॉक्टरांनी दहा हजार दिले.

पावसातला सराव

राईड सप्टेंबरात म्हणजे सराव भर पावसाळ्यात. सिस्टरांची लाडकी वाट जांबोटी-कणकुंबी-चोर्ला, आणि जुलैत तिथं सायकल काढणं म्हणजे वेडेपणा. धुकं, वाहून गेलेल्या कडा, खड्ड्यात साठलेल्या पाण्याचा अंदाज नाही. पण आपल्या जिल्ह्याची एक गंमत आहे. घाटमाथ्यापासून पूर्वेला सरकत जाल तसा पाऊस भराभर कमी होतो. कणकुंबीला धो धो चालू असताना बैलहोंगल, सौंदत्तीकडं नुसती भुरभुर. म्हणून लांबच्या सरावाला पूर्व धरली. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, त्यामुळं जाताना पाठीवर घेऊन उडत जायचं आणि परतताना तोच वारा तोंडावर. सत्तर-ऐंशी किलोमीटर झालेले पाय आणि समोरून वारा, यापेक्षा चांगला सराव पैसे देऊन मिळत नाही. एक पथ्य मात्र पाळायचं, डांबर सोडायचं नाही. काळी माती एकदा चाकाला बसली की मडगार्डात गच्च होऊन चाक फिरत नाही.

चढासाठी येळ्ळूरचा राजहंसगड. गावापासून जवळ, ड्युटीच्या आधी दोनदा चढून होतो. आठवड्याला एखादी सलग दोन दिवसांची लांब राईड घालायची, कारण चार दिवसांच्या प्रवासात पहिला दिवस कुणालाच जड जात नाही. तिसऱ्या सकाळी खोगिरावर बसताना कळतं.

सायकल न्यायची की भाड्यानं घ्यायची यावर ग्रुपमध्ये कडाक्याची भांडणं झाली. सांबरा विमानतळावरून सुटणाऱ्या लहान विमानात सायकलचा खोका चढेल याची खात्री नाही, बसनं मुंबई गाठली तर खोका वर टाकणार, येताना पॅरिसला पुन्हा पॅकिंग. मी भाड्याच्या बाजूचा. सिस्टरांनी सायकल तिकडंच भाड्यानं घेतली, पण आपली सीट आणि पेडल पिशवीत घालून नेले. अंगाला लागणाऱ्या वस्तू स्वतःच्या असल्या की बाकी फ्रेम कुणाची का असेना.

विम्याचंही इथंच सांगतो. शेंगेनला निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, ते कुठलीही स्वस्त पॉलिसी देते. पण ‘आयोजित सायकल राईड’ वगळलेली आहे का हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असतं. पहिल्या पॉलिसीत ती वगळलेली निघाली. दुसरी घेतली.

राईड

फ्रान्सचा शिक्का ऑगस्टच्या मध्यात हाती आला, म्हणजे गणपतीच्या आधी. नवरात्रात दुर्गामाता दौड चुकणार याचंच सिस्टरांना जास्त वाईट वाटत होतं.

इंग्लंडमध्ये डाव्या बाजूनं गाडी, घरच्यासारखं. चढ त्यांना काही वाटले नाहीत. न्यूहेवन ते दिएप चार तास बोट, आणि उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग. ब्रेक्झिटनंतर तेव्हा ब्रिटिशांनाही शिक्का मारून घ्यावा लागत होता, त्यामुळं या वेळी मामेभाऊ आणि सिस्टर एकाच रांगेत होते. फ्रान्समध्ये उजवी बाजू. सरळ रस्त्यावर सवय लवकर होते, चौकातल्या गोलाकारात होत नाही, आणि पहिल्या दिवशी मार्शल दोनदा ओरडला. दिएपच्या आतल्या बाजूला जुन्या रेल्वेमार्गावर केलेली सायकलवाट लागते, फोर्ज-लेज-ओपर्यंत. ती २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या वेळी घोषित झालेल्या ‘अव्हेन्यू व्हेर्त’ या लंडन-पॅरिस सायकलमार्गाचा भाग. सिस्टर म्हणतात, अख्ख्या प्रवासात एवढाच तुकडा असा होता की मागं वळून ट्रकची भीती वाटली नाही. चौथ्या दिवशी आयफेल टॉवरपाशी फोटो झाला, तो हॉस्पिटलच्या नोटीस बोर्डावर आहे.

नंतर

ट्रस्टकडं या निमित्तानं एक लाख चाळीस हजारांच्या वर जमा झाले. मंडळानं पाच हजार रोख दिले. दोन हजारांवरच्या रोख देणगीला ८०जीची सूट मिळत नाही, पण मंडळाला ती हवीही नव्हती. डॉक्टर मंडळी मात्र प्रमाणपत्र मागत राहिली. त्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं की ट्रस्टची पावती वेगळी आणि सूट घ्यायला लागणारं फॉर्म १०बीई वेगळं. ते निघायचं ट्रस्टनं वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत १०बीडी भरल्यानंतर. शिवाय नवी करप्रणाली घेतलेल्यांना ८०जीचा फायदाच नाही, हे कळल्यावर दोघांनी मागणं सोडलं.

वडगावच्या एका पॉवरलूमवाल्याला आता व्हिएतनामची राईड करायची आहे. त्यानं मला पोस्टरचा नमुना मागितला. मी त्याला आधी खर्चाचा कागद करून आण म्हटलं, त्यात प्रवासाचे पैसे कुठून येणार ते पहिल्या ओळीत लिही. कागद अजून यायचा आहे.